मोहाखालची आग

झाडीतला (६ एप्रिल, रात्री ९.४०)

मार्च संपता संपता आठ दिवस गावी जाऊन आलो. गाव कुरखेडा तालुक्यात, जिल्हा गडचिरोली. नागपुरात नोकरीला लागून पंधरा वर्षं झाली, त्यामुळे ऐन मोहफुलं वेचायच्या दिवसांत गावात असणं शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच.

पहाटे चारला मोठीमायनं हलवून उठवलं. बॅटरी, दोन टोपल्या, पाण्याची बाटली, आणि चुलतभावाच्या खिशात माचिस. आमच्या घरची म्हणून ठरलेली सात झाडं आहेत. दोन बांधावर, पाच जंगलात. जंगलातल्या झाडांचा सातबारा नसतो, पण कोणतं झाड कोणाचं हे गावातल्या पोरासोरांनाही पाठ असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. भाऊबंदकीत जमिनीवरून डोकी फुटली, मोहावरून फुटलेली मला तरी आठवत नाहीत.

पहिल्या दोन झाडांखालचा पाला आदल्या दिवशीच जाळून झाला होता. काळ्या जमिनीवर फिकट पिवळी फुलं टपटप पडत होती. द्राक्षाएवढी, रसानं फुगलेली, उचलली की बोटांना चिकटणारी. वास इतका गोड की रिकाम्या पोटी डोकं गरगरतं. तिसऱ्या झाडाखाली पाला तसाच होता. भावानं माचिस काढली.

मी म्हटलं, "अरे थांब, रोपं जळतील."

तो हसला. "कोणती रोपं?"

बॅटरी फिरवून बघितलं. खरंच एक रोप नव्हतं. मग उजाडल्यावर सातही झाडांखाली फिरलो. सगळी झाडं आजोबांच्या आधीची, दोघांच्या कवेत न मावणारी, आणि त्यांच्या खाली किंवा आसपास मोहाचं वीतभर पोरसुद्धा नाही. आमच्याकडे आंबा लावतात, चिंच लावतात. मोह कोणी लावत नाही, तो असतोच. आणि येणार तरी कुठून? फूल आम्ही वेचतो. पावसाच्या तोंडाशी टोळं, म्हणजे मोहाची फळं, पडली की बिया तेलाला जातात. त्यातून चुकून एखादी रुजली तर पुढच्या मार्चात आग आहेच. आगीतून वाचलं त्याला शेळी आहे.

मोठीमायला विचारलं तर तिचं सरळ होतं. "पाल्यात फूल दिसत नाही बापा. एकेक शोधत बसलं तर दुपार होते. दुपारपर्यंत वाकून बसायचे दिवस आहेत का आता? वाघ काय म्हणते, ही बाई आहे का चितळ?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नागपुरात बसून वणव्याच्या बातम्या वाचताना मी नेहमी 'लोक कसे जंगल जाळतात' म्हणणाऱ्यांतला. इथं माचिस माझ्याच घरातली निघाली.

हिशेबही सांगतो. ओली फुलं टोपलीभर दिसतात, वाळून पाव हिश्श्यावर येतात. लालसर तपकिरी, मनुक्यासारखी. केंद्र सरकारनं २०२० मध्ये सुक्या मोहफुलाचा हमीभाव किलोला १७ वरून ३० रुपये केला. पण गावात जो टेम्पो येतो तो स्वतःचा तराजू आणि स्वतःचा भाव घेऊन येतो. घरात जागा नाही, फुलाला ओल धरली की बुरशी, म्हणून बायका एप्रिलमध्येच विकून टाकतात आणि पावसाळ्यात गरज पडली की तेच फूल चढ्या भावानं विकत आणतात.

तर मंडळी, धागा काढायचं कारण: आग न लावता मोह वेचण्याची पद्धत कोणाकडे पाहिली आहे का? हिरड्याचं, तेंदूचं, रानभाज्यांचं तुमच्या भागात काय चाललंय? पुस्तकी नको, पाहिलेलं सांगा.

कोकणस्थ_नाही (६ एप्रिल, रात्री १०.०५)

वाचतोय. फोटो टाका ना.

निवृत्त_गार्ड (७ एप्रिल, सकाळी ७.१२)

वनखात्यात हयात गेली, त्यातली बरीचशी चंद्रपूर-गडचिरोलीत. फेब्रुवारी ते मे आम्हाला झोप नसायची.

मोहाखालची आग मोहाखालीच राहिली असती तर माझी फार तक्रार नव्हती. ती राहत नाही. बाई टोपली डोक्यावर घेऊन घरी जाते आणि आग तिच्या पाठीमागं टेकडी चढते. मार्चअखेर पाला इतका वाळलेला असतो की दुपारच्या वाऱ्यात ती पळते, चालत नाही. आणि मोठ्या झाडाला काही होत नाही, त्याची साल जाड. मरतं ते खालचं सगळं. जमिनीवरची अंडी, पिल्लं, रोपं. जंगल वरून हिरवं दिसतं आणि खालून म्हातारं होत जातं.

दुसरी आग तेंदूची, आणि ती मोठी. तेंदूची झुडपं हंगामाआधी छाटावी लागतात, तिला खुटकटाई म्हणतात. छाटलं की नवी लुसलुशीत पानं फुटतात, विडीला तीच लागतात. छाटायला मजूर लावावे लागतात, मजुरी द्यावी लागते. माचिसची काडी फुकट. जळल्यावरही मुळातून तसेच फुटवे येतात. ही आग लावणारा कधी सापडत नाही, आणि सापडला तरी तो कोणाच्या तरी सांगण्यावरून आलेला गरीब माणूस असतो.

एक गोष्ट आमच्या बाजूचीही सांगून टाकतो. जाळरेषा, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, आम्हीही जाळतो. फरक एवढाच की वेळेवर, पट्टा आखून, माणसं उभी करून. पूर्वी ओल्या फांद्यांनी झोडपून विझवायचो, आता ब्लोअर आलेत, पाठीला अडकवायचे. पण पाच गावांच्या जंगलाला दोन ब्लोअर आणि चार माणसं. आग लागल्याचा पहिला फोन मला नेहमी गावातूनच यायचा. सगळ्या गावांतून नाही. काही ठरावीक गावांतून.

सरळमत (७ एप्रिल, सकाळी ९.३०)

भावना समजतात, पण स्पष्टच बोलतो. मोहाची फुलं अस्वलाचं, चितळाचं, माकडांचं खाद्य आहे. फळं पक्ष्यांची, वटवाघळांची. ती सगळी पोत्यात भरून बाजारात गेली तर त्यांनी काय खायचं? मग अस्वल गावात आलं की बोंब. निदान अभयारण्यं आणि व्याघ्र प्रकल्पांच्या आसपास वनोपज गोळा करायला पूर्ण बंदी हवी, आणि लोकांना दुसरा रोजगार द्यावा. त्याशिवाय काही वाचणार नाही.

पानफुटी (७ एप्रिल, दुपारी १.५०)

@सरळमत, हा प्रयोग होऊन गेलाय. चामराजनगर जिल्ह्यात बिळिगिरी रंगन डोंगर आहेत, तिथं सोलिगा आदिवासी पिढ्यान् पिढ्या आवळा, मध, दगडफूल गोळा करतात. अभयारण्य म्हणून २००४ मध्ये विक्रीसाठी गोळा करायला बंदी आली. बंगळूरच्या 'एट्री' संस्थेचे संशोधक सोलिगांना बरोबर घेऊन तिथल्या आवळ्याची झाडं बंदीच्या आधीपासून मोजत होते, त्यामुळे तुलना करता आली. आवळ्याच्या मुळावर उठलेल्या गोष्टी दोन निघाल्या: बांडगूळ आणि घाणेरी. आवळे काढायला चढणारी माणसं जाता जाता बांडगुळाच्या फांद्या छाटून टाकायची. माणसं गेली, बांडगूळ माजलं. खाली घाणेरीनं जमीन अशी व्यापली की आवळ्याचं रोप वर येईना.

आणि झाडीतला, तुम्हाला हे आवडेल किंवा आवडणार नाही: सोलिगा स्वतः आग लावत. 'तरगु बेंकी', म्हणजे पाल्याची आग. थंडी सरता सरता, जमिनीत ओल असताना, गुडघ्याखालची हलकी. १९७४ ला अभयारण्य झालं आणि ती थांबवली गेली. घाणेरी माजली ती तेव्हापासून, असं ते सांगतात. जंगलाच्या बाबतीत 'आग वाईट' आणि 'आग चांगली' ही दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. कोणत्या महिन्यात, किती उंच आणि किती वर्षांनी, ते आधी विचारायचं. मार्चअखेरची, दरवर्षीची आग रोपांना जगू देत नाही, यात मात्र मला शंका नाही. २०११ मध्ये सोलिगांना तिथं सामूहिक वनहक्क (जंगल मिळून वापरायचे, राखायचे हक्क) मिळाले, व्याघ्र प्रकल्पाच्या आत असे हक्क मिळण्याची देशातली ती पहिली वेळ.

आता उलट टोक. आपल्या सह्याद्रीतला नरक्या. पान चुरगळलं की घाण वास, म्हणून नाव नरक्या (काही ठिकाणी त्यालाच अमृता म्हणतात, गंमत बघा). कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं, त्यापासून पुढे कॅन्सरवरची औषधं निघाली. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना तेच नरक्यात सापडलं. आणि मग पाटण, कोयना भागात रात्रीत झाडं आडवी व्हायला लागली. इथं फूल किंवा फळ नको होतं, खोड-मुळ्या हव्या होत्या. झाडाचे तुकडे करून पोत्यात भरायचे आणि पाठवायचे.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती ही: नरक्याला गावात कोणी विचारतच नव्हतं. ना खायला, ना जाळायला, ना देवाला. त्यामुळे त्याच्याबद्दल गावात एकही नियम नव्हता. तुमच्या मोहाला आहेत बघा, कोणतं झाड कोणाचं हे पोराला पाठ. बाहेरची मागणी नियम नसलेल्या झाडावर पडली की ते झाड वाचत नाही.

आंबेगावचा (७ एप्रिल, रात्री ८.२०)

हिरड्याबद्दल विचारलंत म्हणून खातं उघडल्यापासून पहिल्यांदा लिहितोय. चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आम्ही महादेव कोळी. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पश्चिम पट्ट्यात भात एकदाच, तेही पाऊस मेहेरबान असेल तर. वर्षाचा रोकडा पैसा म्हणजे बाळहिरडा. बाळहिरडा म्हणजे आत आठळी धरायच्या आधीचं कोवळं फळ. एप्रिल-मे हाच हंगाम. गडी वर चढून आकडीनं फांद्या हलवतात, बायका-पोरं खाली वेचतात. मग कातळावर पसरायचं. चार-सहा दिवस कडक ऊन मिळालं की काळं कुळकुळीत, खडखडीत वाळतं. मध्येच वळीव आला तर बुरा येतो आणि व्यापारी मुठीत घेऊन नाक मुरडतो.

आमच्याकडे हिरड्याखाली कोणी आग लावत नाही. आमचा धोका वर आहे. दरवर्षी कोणी ना कोणी पडतो. माझे चुलते पडले, कंबर गेली, आता ओसरीवर बसून दोऱ्या वळतात. शेतात साप चावला तर काहीतरी योजना असते, हिरड्यावरून पडलेल्याला कोणत्या रकान्यात बसवायचं हे कचेरीत कोणाला कळेना.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. बातम्यांत अलिबाग, श्रीवर्धन दिसलं. आमच्याकडे घाटमाथ्यावर हिरड्याची मोठमोठी झाडं मुळासकट उपटली गेली. भात पडलं तर पुढच्या वर्षी पेरता येतं, शंभर वर्षांचा हिरडा कसा पेरायचा? भरपाई मिळावी म्हणून मग वर्षानुवर्षं मोर्चे, उपोषणं चालली.

भाव पडला की काय होतं तेही सांगतो, कारण ते शहरात कोणाला माहीत नसतं. हिरडा बऱ्याच ठिकाणी मालकीच्या रानात आहे. एका साली खरेदी केंद्र उघडलंच नाही, व्यापाऱ्यांनी भाव निम्म्यावर आणला. त्या साली आमच्या शेजारच्या वाडीत तीन झाडं लाकूडवाल्याला गेली. घरात आजारपण होतं. मी त्याला दोष देत नाही, पण त्या जागेवरून जाताना अजून वर बघायची सवय आहे. ज्या साली भाव होता त्या साली त्याच माणसानं फांदी मोडली म्हणून पोराला झापलेलं मी पाहिलंय.

भीमाशंकरच्या बाजूला काही गावांत पुण्याच्या एईआरएफ या संस्थेनं हिरडा-बेहड्याला फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळवून दिलंय. किती तोडायचं, किती झाडावर ठेवायचं याच्या नोंदी ठेवाव्या लागतात, आणि माल परदेशात चांगल्या भावानं जातो. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो, म्हणून ती झाडं तोडायची नाहीत अशी अट. धनेशामुळे बेहडा वाचला की बेहड्याच्या भावामुळे धनेश, ते त्यांनाच ठाऊक. पण झाडं उभी आहेत.

पानफुटी (७ एप्रिल, रात्री ९.०२)

आंबेगावचा, लिहीत राहा हो. एक विचारते: बाळहिरडा आठळी धरायच्या आधी तोडता, म्हणजे त्या फळातून रोप येणारच नाही. लहान हिरडे दिसतात का तुमच्या रानात?

आंबेगावचा (७ एप्रिल, रात्री ९.४४)

शेंड्याची, हाताला न लागणारी राहतात, ती पुढं थंडीत मोठा हिरडा म्हणून खाली पडतात. त्यातलीही वेचतात. लहान झाडं आहेत, पण आजोबा सांगायचे त्या मानानं फार कमी. खरं सांगायचं तर तुम्ही विचारेपर्यंत मी कधी मोजायला गेलो नव्हतो.

रंगीला_रतन (८ एप्रिल, सकाळी ११.१५)

एवढी चर्चा झाली आणि मोहाच्या मुख्य उपयोगाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सज्जनांचा धागा दिसतोय. 😀

कलम_खोडकर (८ एप्रिल, दुपारी १२.३०)

धागा तिकडे वळणार हे माहीतच होतं. पण त्याचाही इतिहास आहे. मुंबई इलाख्यात १८९२ साली 'म्हौरा कायदा' झाला. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत मोहफुलं गोळा करण्यावर, साठवण्यावर निर्बंध. कारण उघड होतं, घरी गाळलेल्या दारूवर अबकारी मिळत नाही. पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफूल आलंच. म्हणजे जे फूल लोक भाकरीत घालून खातात, बैलाला चारतात, लाडू करतात, ते घरात किती ठेवायचं हे पोलिसाला विचारायचं. महाराष्ट्रात हे निर्बंध सैल व्हायला २०२१ उजाडलं.

मोठीमाय एप्रिलमध्येच का विकते याचं अर्धं उत्तर यात आहे. साठवणं हाच जिथं पिढ्यान् पिढ्या गुन्हा होता, तिथं साठवायला कोठार कोण बांधेल?

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची (लाकूड सोडून जंगलातून जे मिळतं त्याची) मालकी गावाला दिली, बांबू आणि तेंदू धरून. २०१२ च्या नियमांनी वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या हातात आला. कागदावर सगळं आहे.

ठाण्याची_ताई (८ एप्रिल, दुपारी ४.१०)

मी जंगलात राहत नाही, पण या धाग्यात माझाही हात आहे असं वाटायला लागलंय म्हणून लिहिते.

पहिला पाऊस पडला की स्टेशनबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या बायका शेवळं घेऊन बसतात. आमच्या घरी शेवळाची भाजी म्हणजे जूनचा सण. सोबत काकडं (ही आंबट रानफळं) घ्यायची, नाहीतर घसा खाजून जीव जातो. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून चिंचेच्या पाण्यात, मग कोलंबी किंवा सोडे. आजीच्या वेळी वर्षातून एकदा व्हायची. आता व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'शेवळं आली' असा मेसेज पडतो, घरपोच मिळतात, महोत्सव भरतात, मी स्वतः गेल्या वर्षी पाच वेळा केली.

इतकी वर्षं मला वाटायचं तो कोंब आहे. मध्ये एका रानभाजी सहलीत कळलं की शेवळ म्हणजे त्या वनस्पतीचं फूलच. अख्खा फुलोरा. तो खुडला की त्या साली बी नाही. कंद खाली राहतो, पुढच्या वर्षी परत येतं, म्हणून संपत चाललंय हे लगेच कळत नाही. जिच्याकडून घेते तिला विचारलं. म्हणाली, "पूर्वी घराच्या मागं मिळायची, आता दोन डोंगर चढावं लागतं." मी म्हटलं मग घेऊ नको का? तर माझ्याकडे वेडीसारखी बघत राहिली. त्या दोन आठवड्यांत तिच्या पोरांच्या वह्या होतात.

यंदा किती वेळा करायची ते ठरवलेलं नाही. पाच वेळा नक्की नाही.

चांदेकर (८ एप्रिल, रात्री १०.२५)

सोडून देण्यावरून आठवलं. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. २०१२ मध्ये त्यांना हजारेक हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेनं बसून जे ठरवलं त्यातला एक ठराव असा: तेंदूपत्ता विकायचा नाही. कारणं त्यांचीच. पानासाठी झुडपं छाटायची, आग लागायची, मग तेंदूला फळ धरत नाही. ते फळ आपली पोरं खातात, पाखरं खातात. आणि पानातून विडी होते, ती काही चांगली चीज नाही. हमखास रोख पैसा देणारी गोष्ट त्यांनी स्वतःहून बंद केली. खात्यानं नाही, कोर्टानं नाही. जंगलाचा एक तुकडा तर देवराईसारखा पूर्ण राखून ठेवला. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी यावर लिहिलंय, लेख शोधून वाचा.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं सगळ्यांना माहीत आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. त्यांना २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरचा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा वाहतूक परवाना हातात पडला. पण मला त्या गावाची आवडती गोष्ट मधाची आहे. आग्या मोहोळ जाळून, माशा मारून मध काढायची सगळीकडची पद्धत. तिथल्या लोकांनी अभ्यास गट करून, जाणकारांना बोलावून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायला शिकून घेतलं. माशा राहतात, त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो.

झाडीतला (९ एप्रिल, रात्री ११.००)

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. चांदेकर, पाचगावबद्दल माहीत होतं आणि खरं सांगू, थोडा हेवाही वाटतो. पण पाचगावकडे बांबू होता. तेंदू सोडला तरी वर्षभर हाताला काम देणारं दुसरं काही होतं. आमच्या गावाच्या जंगलात विकण्याजोगा बांबू नाही.

तेंदूचे दिवस कसे असतात ते लिहितो. मे महिना, जेमतेम दोन-तीन आठवडे. पहाटे पानं तोडायची, दहापर्यंत गाठोडं घरी. मग अंगणात सावलीला अख्खं घर बसतं. सत्तर पानांचा एक पुडका, देठ एका बाजूला. म्हातारी माणसं न मोजता बोटांच्या अंदाजानं सत्तर घेतात, मोजून बघितलं तर एकदोनचा फरक. संध्याकाळी फडीवर, म्हणजे तेंदूच्या खरेदीच्या जागी, नेऊन द्यायचे, शेकड्याच्या हिशेबानं पैसे. वहिनीच्या पोरीची कॉलेजची फी तिथून जाते. २०१३ च्या सुमाराला विदर्भातल्या ग्रामसभांनी स्वतः लिलाव करायला सुरुवात केली तेव्हापासून मजुरीवर रॉयल्टीही मिळते, कधी वेळेवर, कधी पुढच्या हंगामाच्या तोंडावर. २०१७ ला भाव असा चढला की गावात नव्या मोटारसायकली आल्या. त्याच वर्षी तेंदूवर १८ टक्के जीएसटी लागला, २०१८ ला भाव आपटला. त्यावर गावानं काय ठराव करायचा?

आणि वाघ. मोठीमाय थट्टेत बोलली, पण सिंदेवाही तालुक्यात २०२५ च्या मे महिन्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ते अंतर आमच्यापासून फार नाही. तेव्हापासून बायका घोळक्यानं जातात, मोठ्यानं बोलत. पण वेचताना प्रत्येकीचं झाड वेगळं असतं.

सरळमत (१० एप्रिल, सकाळी ८.४५)

सोलिगांचं वाचलं, मला माहीत नव्हतं. सरसकट बंदीचा आग्रह सोडतो. पण 'लोक राखतात' हेही सरसकट नको. निवृत्त_गार्ड यांनीच लिहिलंय की फोन काही ठरावीक गावांतूनच यायचा. बाकीच्या गावांचं काय?

निवृत्त_गार्ड (१० एप्रिल, सकाळी ९.३०)

बाकीच्या गावांत जंगल 'सरकारचं' होतं. सरकारच्या बसला दगड मारतात तसं. फोन करणाऱ्या गावांत काही साधू राहत नव्हते, तिथं चोऱ्याही व्हायच्या, मी स्वतः पकडल्यात. पण एका गावात मी चोर पकडायच्या आधी गावानंच दंड केला होता, आणि माझ्याकडे पावती दाखवायला आले. त्या दिवशी वर्दीत असून जरा ओशाळल्यासारखं झालं.

झाडीतला, मूळ प्रश्न राहिला बाजूला. जाळी लावून बघा. काही ठिकाणी झाडाखाली हिरवी जाळी पसरून फुलं गोळा करतात, आग लागत नाही. नाहीच जमलं तर निदान झाडाभोवती हातभर पट्टा आधी झाडून घ्या, मग पेटवा, आणि विझल्याशिवाय हलू नका.

झाडीतला (३ मे, रात्री १०.१५)

उशिरा लिहितोय, पण लिहायचं ठरवलं होतं. १२ एप्रिलला परत गावी गेलो होतो, हंगाम निम्मा सरला होता. वडशाहून हिरवी शेडनेट घेऊन गेलो. ती दोनच झाडांना पुरली, मग वहिनीनं घरातल्या जुन्या साड्या शिवून उरलेला भाग भरून काढला.

पहिली रात्र: सकाळी गेलो तर जाळीवर फुलं फारच कमी आणि लेंड्या भरपूर. चितळांनी स्वच्छ ताटात जेवून घेतलं होतं. @सरळमत, तुमचं खाद्य पोहोचलं. चुलतभाऊ दिवसभर हसत होता.

दुसऱ्या दिवशीपासून त्यानं वेळ बदलली. जाळी संध्याकाळी काढून घ्यायची, पहाटे तीनला जाऊन पसरायची, फुलांचा जोर तेव्हाच असतो. कडेला चार खुंट्या ठोकून ती थोडी उचलून घेतली. एका झाडाला आधी दोनेक तास लागायचे, आता जाळीची चार टोकं धरून ओतायचं, अर्ध्या तासात काम. वाघाच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे, मोठीमायला पटला तो तेवढ्यासाठीच. रोपांचं तिला काही सांगायला गेलो नाही.

फुलं बिनराखेची, बिनमातीची. खळ्यावर वाळल्यावर रंगही उजळ आला. टेम्पोवाला आला तेव्हा ती वेगळ्या पोत्यात ठेवली होती. त्यानं मूठभर घेतली, वास घेतला, "चांगली आहेत" म्हणाला आणि भाव तोच लावला. भाऊ माझ्याकडे बघत होता. त्याला मी काय सांगणार होतो? शेवटी ती दोन पोती विकली नाहीत, कोनाड्यात पाटावर ठेवली आहेत. ओल न धरता पावसाळ्यापर्यंत टिकली तर बघू.

बाकी पाच झाडांखाली यंदाही आग लागलीच. फक्त भोवतीचा पट्टा झाडून घेतला आणि विझेपर्यंत थांबलो. एकदा तरीही पलीकडे गेली, दोघांनी फांद्या घेऊन झोडपून विझवली. केस थोडे जळाले माझे.

पानफुटी (४ मे, सकाळी ७.५०)

वा! आता जूनमध्ये टोळं पडतील तेव्हा त्या दोन झाडांखालची थोडी तिथंच राहू द्या. आग नाही म्हटल्यावर रुजतील.

झाडीतला (४ मे, रात्री ९.१०)

फोनवर विचारलं मोठीमायला. "थोडी म्हणजे किती?" मी म्हटलं पायलीभर. "पायलीभर? तेल काय तू नागपूरहून पाठवशील?" ओंजळभरावर सौदा ठरला.

आंबेगावचा (४ मे, रात्री ९.३५)

ओंजळभर रुजली तरी शेळ्या ठेवतील का?

झाडीतला (४ मे, रात्री ९.४१)

शेळ्या आमच्याच आहेत. भावाला बोराट्यांचं कुंपण लावायला सांगितलंय.